व्हिडीओ सारखा अडकतोय? दोष इंटरनेटचा की कॉम्प्युटरचा, असं ओळखा

अंबरनाथहून सीएसएमटी लोकलने साधारण ६० किलोमीटर. दादर किंवा ठाण्याच्या क्लासला रोज जाणं वेळेला आणि खिशाला परवडत नाही, म्हणून इथली अनेक मुलं सीईटी, एमपीएससीची तयारी घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडीओ बघून करतात. नेमका महत्त्वाचा भाग आला की स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागतं. मग कुणी महागडा प्लॅन घेतं, कुणी नवा कॉम्प्युटर. बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते.

आधी करड्या रेषेकडे बघा

यूट्यूबच्या व्हिडीओखाली लाल रेषा पुढे सरकते, ती म्हणजे तुम्ही बघितलेला भाग. तिच्या पुढे फिकट करडी रेषा असते, तो आधीच डाऊनलोड झालेला भाग. व्हिडीओ थांबला तेव्हा लाल रेषेने करडीला गाठलं असेल, तर डेटा वेळेत पोहोचत नाहीये. करडी रेषा बरीच पुढे असूनही चित्र अडखळत असेल, तर बहुधा कॉम्प्युटरलाच ते झेपत नाहीये.

डेटा वेळेत येत नसेल तर

यूट्यूबच्या माहितीनुसार ४८०पी व्हिडीओला साधारण १.१ एमबीपीएस, ७२०पीला २.५ आणि १०८०पीला ५ एमबीपीएस वेग लागतो. म्हणजे ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर लेक्चर अडकायला नको. तरीही अडकत असेल, तर पहिला संशय वाय-फायवर घ्या.

दाटीवाटीच्या इमारतींमध्ये प्रत्येक घरात राऊटर असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे सिग्नल तिथे एकमेकांत मिसळतात. राऊटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर ती वापरा. भिंती आड येत असतील तर लॅन केबल सर्वात भरवशाची.

केबल लावून सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास स्पीड टेस्ट करा. फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर अडचण बहुधा घराबाहेर आहे. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. नुसत्या फोनवर समाधान मानू नका. दाद मिळाली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

कॉम्प्युटर दमत असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू १०० टक्क्यांच्या आसपास असेल, तर कारण बहुतेक वेळा व्हिडीओच्या फॉरमॅटमध्ये असतं. व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या फॉरमॅटमुळे डेटा वाचतो, पण ते उलगडायला जास्त ताकद लागते. जुन्या मशीनमध्ये त्यासाठीची सोय चिपमध्येच नसते, त्यामुळे सगळा भार सीपीयूवर येतो आणि पंखा घरघरू लागतो. अशा वेळी क्वालिटी ४८०पीवर आणा आणि बाकीचे टॅब बंद करा. फळ्यावरचं लिखाण बहुतेक वेळा तेवढ्यातही वाचता येतं.

आवाज येतो पण चित्र काळं दिसतं? ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून बघा. चित्र आहे पण आवाज नाही? आवाज एचडीएमआयवरून मॉनिटरकडे तर जात नाही ना, ते तपासा.

साइट उघडतानाच सुरक्षेचा इशारा येत असेल तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि ब्राउझरचा साइटवर विश्वास बसत नाही. सीआर२०३२ ही बॅटरी स्वस्तात मिळते.

विंडोज ७ वापरत असाल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. २०२३ नंतर तिथे नवं क्रोम चालत नाही.

‘प्लेयर अपडेट करा’ असं आलं तर

इथे खिशाला कात्री लागू शकते. फ्लॅश प्लेयर अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला. त्यामुळे आज कुठलीही साइट फ्लॅश अपडेट करायला सांगत असेल, तर तो सापळा समजा. व्हिडीओसाठी आता वेगळा प्लेयर लागत नाही, अपडेटेड ब्राउझर पुरतो. गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करून कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.