४५ अंशांतली शाई

नागपुरात मे महिन्यात सीताबर्डीवरून घरी येईस्तोवर शर्टाच्या खिशावर शाईचा डाग पडला, की बोल पेनाला लागतो. ‘जुनं झालं, गळायला लागलं.’ पेन बहुधा धडधाकट असतं. गडबड त्याच्या पोटातल्या हवेची असते.

ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात अख्खी नळी हीच टाकी. अर्धी शाई संपली की उरलेल्या जागेत हवा शिरते. २५ अंशांच्या एसीतून बाहेर पडून पेन ४५ अंशांपर्यंत तापलं, तर ही हवा सुमारे ७ टक्के फुगते. शिवाय शाईतल्या पाण्याची वाफ वाढते. ती धरली तर आकडा १४ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे १ मिलिलिटर हवा जवळपास तीन थेंब शाई बाहेर ढकलणार. पांढऱ्या शर्टाला तेवढे पुरतात! म्हणून नागपुरात उन्हाळ्यात पेन काठोकाठ भरावं आणि निब वर करून ठेवावं.

एरवी ते गळत का नाही? निबेखालच्या जिभेत केसाएवढ्या खाचा असतात. त्यांतून केशाकर्षणाने शाई पुढे सरकते आणि तिची जागा भरायला हवा मागे जाते. ही देवाणघेवाण नीट जमवणाऱ्या रचनेचं पेटंट न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ मध्ये घेतलं.

विदर्भाचं नाव पेनांच्या इतिहासात आलं ते एका पत्रामुळे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी बनवलेलं स्वदेशी पेन गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं: पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं. आधी वापर, मग शिफारस. (जुलै होता हे पेनाचं नशीब, मे असता तर अभिप्राय कसा आला असता कोण जाणे.) अशी पेनं एबोनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेल्या पदार्थाची. जुनं पेन बोटांनी जोरात चोळलं की अजूनही गंधकाचा वास येतो. मात्र ते गरम पाण्यात धुऊ नये, काळा रंग विटतो.

पोथ्यांची काजळीची शाई या पेनांना चालत नाही. तिचे कण खाचांत अडकतात. पेनाला विरघळलेल्या रंगाची शाई लागते. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, तोच उद्योग पुढे कॅम्लिन झाला. जुन्या निळ्या-काळ्या शाईची गंमत आणखी वेगळी. तिच्यात लोहाचा क्षार आणि टॅनिन असे. टॅनिन आपल्या हिरड्यातही भरपूर असतं. लिहिताना ही शाई इतकी फिकी, की अक्षर दिसावं म्हणून निळा रंग घालत. कागदावर हवेतला ऑक्सिजन लागला की लोह काळपट होई. नागपूरच्या महालातून निळं निघालेलं पत्र मुंबईच्या गिरगावात काळसर होऊन पोचे. लिहिणाऱ्याने पाहिलेलं अक्षर वाचणाऱ्याला कधी दिसलंच नाही.

लिहिणाऱ्याचं दुसरं काही मात्र दिसे. निब कागदावर टेकून राहिली, की कागदाचे तंतू शाई ओढतच राहतात आणि ठिपका पसरतो. घरातलं एखादं जुनं आंतरदेशीय पत्र भिंगाखाली धरा. ‘बाकी सर्व ठीक’ याच्या आधी तो टपोरा ठिपका सापडला, तर हात तिथे थांबला होता. पुढचे शब्द भराभर, रेघ बारीक. बॉलपेनची दाट शाई असा थांबा क्वचितच नोंदवते. फोनवरचा मजकूर तर मुळीच नाही.

अशी पत्रं जपायची म्हणून लोक लॅमिनेट करतात. ते करू नका. उष्णतेने कागद लवकर जीर्ण होतो, आणि लोहाच्या शाईतलं आम्ल आत कोंडून कागद खातच राहतं. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्याऐवजी घरातल्या थंड खोलीत ठेवलेली बरी.