मुळा घ्यावा तो पाल्यासकट

थंडीत बाजारात मुळ्याच्या जुड्या स्वस्त होतात. भाजीवाला "पाला काढून देऊ का?" असे विचारतो आणि आम्ही बहुतेकजण बिनदिक्कत हो म्हणतो. वास्तविक मुळ्याच्या कंदात सुमारे 95 टक्के पाणीच. शिवाय थोडे 'क' जीवनसत्त्व व तंतू. कॅल्शियम, लोह आणि 'अ' जीवनसत्त्व देणारे कॅरोटीन पाल्यातच अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या शिकणाऱ्या मुलीही याच वयातल्या. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची जागा पाला घेणार नाही, हे खरे. पण पैसे मोजून घेतलेले अन्न टाकून का द्यावे?

पाला स्वच्छ धुऊन बारीक चिरावा, लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतावा. फार शिजवू नये. ताटात लिंबू पिळावे. 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास नेमके उलटे होते. कंदाची दह्यातली कोशिंबीर सर्वांना ठाऊकच आहे. मात्र आम्हांस विचाराल तर चवीला कोवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, सरस.