छोटी गाडी, मोठी जबाबदारी

दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एक मागणी पुढे येते. कॉलेज लांब आहे, क्लासची वेळ जुळत नाही, बस वेळेवर मिळत नाही, तेव्हा मला गाडी हवी. आईवडिलांनाही ते पटतं, पण मुलगा किंवा मुलगी असते सोळा वर्षांची. मग कोणीतरी सांगतं, "अहो, लहान गाडी घ्या, तिला लायसन लागत नाही." मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरीत असताना हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, त्याची गणतीच नाही. "साहेब, लहान गाडीला काही लागत नाही ना?" या साध्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

पहिली गोष्ट अशी, की कायदा गाडी लहान दिसते की मोठी, हे पाहत नाही. तिला पेडल आहे का, ती किती हलकी आहे, किंमत किती आहे, एवढ्यावरही त्याचं भागत नाही. कायदा विचारतो, हे 'मोटार वाहन' आहे की नाही? असेल, तर नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट हे सगळं ओघानं आलंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन मोटार वाहनात मोडत नाही. सायकलला इंजिन बसवण्याचे जे संच विकले जातात, ते बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचे असतात. म्हणजे सायकलला असं इंजिन बसवलं की कायद्याच्या दृष्टीनं ती मोटारसायकल झाली. आणि तिची नोंदणीही होत नाही, कारण कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेनं त्या नमुन्याची चाचणी घेतलेली नसते.

ही चाचणी म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या देशात कोणताही उत्पादक गाडी बनवून थेट बाजारात आणू शकत नाही. आधी तिचा नमुना सरकारनं नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, आवाज हे सगळं तिथं मोजलं जातं. अशा संस्थांपैकी तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरजवळची लष्करी वाहनांची व्हीआरडीई. परदेशातून येणाऱ्या गुडघाभर उंचीच्या त्या 'पॉकेट बाइक' या दारातून आलेल्याच नसतात. त्या खासगी मैदानात किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर चालवाव्यात, रस्त्यावर नाही. 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त डांबरी रस्ता, असंही समजू नका. जिथं लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती प्रत्येक जागा कायद्यानं सार्वजनिक आहे, मग तो रहदारीचा रस्ता असो वा नसो.

आता सोळा वर्षांच्या सवलतीकडे येऊ. ही सवलत खरी आहे, कोणी उठवलेली अफवा नाही. कायद्याचं चौथं कलम म्हणतं, की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवू नये, मात्र ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर चालवता येईल. त्यासाठीही परवाना लागतोच आणि तो काढताना पालकांची लेखी संमती द्यावी लागते. म्हणजे सवलत वयाची आहे, परवान्याची नाही. लोकांच्या ऐकण्यात नेमकी इथंच गफलत होते.

ही ५० सीसीची रेघ ज्या काळात आली, तो काळ आठवून पाहा. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये लूना रस्त्यावर आणली. पन्नास सीसीचं इंजिन, पेडल मारून सुरू करायची, पेट्रोल संपलं तर सायकलसारखी घरी न्यायची. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, कॉलेजच्या मुली, सगळ्यांना ती परवडली. दक्षिणेतून टीव्हीएसची मोपेड आली आणि १९९० च्या सुमारास बजाजची सनी आली. सोळा वर्षांच्या मुलाला कायद्यानं चालवता येईल अशी गाडी तेव्हा दुकानात मिळत होती.

पुढे ग्राहकांना जास्त ताकदीच्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या. धुराचे नियम २००० सालापासून टप्प्याटप्प्यानं कडक होत गेले आणि जुन्या पद्धतीची टू-स्ट्रोक इंजिनं मागे पडली. आजची पेट्रोलवरची मोपेड जवळपास शंभर सीसीची आहे आणि गिअर नसलेल्या नेहमीच्या स्कूटर त्याहूनही मोठ्या. म्हणजे सवलत पुस्तकात राहिली आणि गाडी दुकानातून गेली! 'बिनगिअरची आहे, म्हणजे मुलांना चालते' ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. एकशे दहा सीसीच्या स्कूटरला गिअर नसला तरी ती चालवायला अठरा पूर्ण व्हावेच लागतात. आजोबांची जुनी लूना घरात असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, त्यासोबतचा पर्यावरण कर, चालू विमा आणि पीयूसी एवढं जागेवर असेल, तर सोळा वर्षांचा नातू त्या वर्गाचा परवाना काढून ती रीतसर चालवू शकतो.

मग आज 'लायसन लागत नाही' म्हणून जी गाडी विकली जाते, ती कोणती? ती विजेवरची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बॅटरीवरच्या काही वाहनांना मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलं आहे. त्याच्या अटी नीट ऐका. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी हवी. जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक चांगले हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पेडलला मदत करणारी सायकल असेल, तर वेग वाढेल तशी मोटारीची मदत कमी होत जाऊन २५ ला बंद पडली पाहिजे, किंवा पाय थांबले की त्याआधीच. आणि हे सगळं चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे. दुकानदारानं तोंडी सांगून भागत नाही.

'तीस मिनिटांची शक्ती' या शब्दांनी दचकू नका. विजेची मोटार क्षणभर भरपूर जोर लावू शकते. उसाची बैलगाडी चढावर नेताना बैल जसा क्षणभर सगळी ताकद लावतो, तसंच. पण तो जोर दिवसभर टिकत नाही. मोटार अर्धा तास सलग किती शक्ती देऊ शकते, तो आकडा नियमाला हवा असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा क्षणभराच्या जोराचा आकडा असतो, म्हणून जाहिरात न वाचता प्रमाणपत्र वाचा.

या अटींत बसणाऱ्या गाडीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, नंबरप्लेटही नसते. गोम अशी, की याच गाडीला एखादी तार काढून किंवा कंट्रोलर बदलून पंचवीसच्या जागी चाळीस-पंचेचाळीसचा वेग देता येतो. काही विक्रेते ते करून देतात, वर 'पिकअप वाढवून देतो' असं प्रेमानं सांगतात! २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन विभागानं अशा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणीची मोहीम काढली होती. ती तार निघाली, त्याच क्षणी गाडी मोटार वाहन होते. मग ती विनानोंदणी, विनाविमा आणि विनापरवाना ठरते. एका तारेपायी तीन गुन्हे! नव्या ई-लूनाचं उदाहरण बघा. २०२४ मध्ये आलेली ही गाडी नावानं आणि रूपानं जुन्या लूनासारखी, पण वेग ताशी ५० पर्यंत. त्यामुळे तिला नोंदणी लागते, हिरवी नंबरप्लेट लागते, परवाना लागतो. विजेवर चालते म्हणून कोणतीही गाडी आपोआप मोकळी होत नाही. आणि विजेच्या मोटारीला सीसी नसतं, तेव्हा ५० सीसीच्या सवलतीवर विसंबून मुलाच्या हाती नोंदणीची ई-स्कूटर देऊ नका.

हे सगळं पालकांनी मनावर का घ्यायचं? कायदा २०१९ मध्ये बदलला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून १९९-अ हे नवं कलम लागू झालं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. आपल्याला माहीतच नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाला स्वतः सिद्ध करावं लागतं. चावी आपणच दिली असेल, तर ते कसं सिद्ध करणार? मुलाकडे रीतसर शिकाऊ परवाना असेल आणि तो त्याच वर्गाची गाडी चालवत असेल, तर मात्र हे कलम लागत नाही.

दंडापेक्षाही जड गोष्ट आहे ती विम्याची. समजा, मुलाच्या गाडीचा धक्का लागून एखाद्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी आजींना भरपाई देते, पण ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालानं हा मार्ग स्पष्ट केला. बदल केलेल्या ई-बाइकचा तर विमाच नसतो. तिथं भरपाई सरळ घरातूनच द्यावी लागते. पंचवीसच्या आतल्या खऱ्या ई-बाइकलाही सक्तीचा विमा नाही, पण म्हणून धक्का लागल्यावरची जबाबदारी टळत नाही. तिच्यासाठी वेगळा विमा मिळत असेल तर जरूर घ्या.

हेल्मेटचंही तसंच. नोंदणीच्या दुचाकीवर, मोपेड असली तरी, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला ते सक्तीचं आहे. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. त्यात ही गाडी हलकी, चाकं लहान. मोठ्या चाकाची गाडी ज्या खड्ड्यातून निघून जाते, त्यात हिचं पुढचं चाक अडकतं. म्हणून कायदा सांगो न सांगो, डोक्यावर हेल्मेट असू द्या.

आता घेताना काय करायचं, ते थोडक्यात सांगतो. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. या मॉडेलचं चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र दाखवा, म्हणावं. त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या नावाशी ताडून पाहा. बिलावर वॉट आणि वेग लिहून घ्या. 'वेग वाढवून देतो' म्हणणाऱ्याकडे गाडी घेऊच नका. नोंदणीची गाडी असेल, तर नंबर मिळाल्याशिवाय ती दुकानाबाहेर काढू नका. मूल अठरा वर्षांचं झालं की शिकाऊ परवाना काढा. २०२१ पासून त्याची परीक्षा घरबसल्याही देता येते. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला लाल 'एल' लावायचा आणि मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय कोणाला बसवायचं नाही.

आणि मधल्या त्या दोन वर्षांचं काय, असं मुलं विचारतील. त्यांना सायकल आहे, पेडलला मदत करणारी नियमातली ई-सायकल आहे, बसचा पास आहे. सिग्नल, उजवी-डावी बाजू, वळताना हात दाखवणं, मागे वळून पाहणं या सवयी सायकलवरच पक्क्या होतात. नोकरीत असताना परवान्याच्या चाचणीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्यानं चार वर्षं गर्दीतून सायकल चालवली आहे, तो आठाच्या आकड्यात पाय टेकत नाही.