न्यायालयाबाहेरील तडजोड आणि रक्कम देण्याची मुदत

प्रस्तावना :
पाटणसारख्या डोंगराळ तालुक्यात उसनवारीचा किंवा वाटपाचा दावा वर्षानुवर्षे चालविणे सामान्य पक्षकारास परवडत नाही. त्यामुळे तडजोडीकडे कल असणे स्वाभाविक आहे. तथापि तडजोड झाली म्हणजे पैसे हाती आले असे नव्हे. रक्कम किती, हे ठरते. ती केव्हा द्यावयाची, हे मात्र पुष्कळदा ‘सवडीने’ या शब्दावर सोडले जाते. या मुदतीचे कायदेशीर महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खाजगी करार व लोकन्यायालयाचा निवाडा :
पक्षकारांनी आपसात केलेला लेख हा केवळ करार असतो. त्यात मुदत नसेल तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४६ नुसार ‘वाजवी मुदत’ गृहीत धरली जाते आणि वाजवी म्हणजे किती, हाच नवा वाद ठरतो. करारभंग झाल्यास साधारणतः तीन वर्षांत नव्याने दावा करावा लागतो.

याउलट विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार लोकन्यायालयाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असून त्याविरुद्ध अपील नाही. रक्कम न मिळाल्यास नवा दावा न करता थेट दरखास्त दाखल करता येते. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १३६ नुसार त्यासाठी बारा वर्षे मिळतात. रक्कम ठराविक तारखेस किंवा हप्त्यांनी देय असेल, तर ही मुदत त्या त्या कसुरीपासून मोजली जाते.

न्यायनिर्णय :
गोविंदन कुट्टी मेनन विरुद्ध शाजी (२०११) हे प्रकरण न वटलेल्या सहा हजार रुपयांच्या धनादेशाचे होते. लोकन्यायालयात पाचशे रुपये रोख मिळाले. उर्वरित रक्कम पाच मासिक हप्त्यांत, दरमहा १० तारखेपर्यंत देण्याचे ठरले. कसूर झाल्यास सर्व बाकी एकरकमी वसूल करण्याची अटही होती. पुढे कसूर झाली. मूळ प्रकरण फौजदारी असल्याने खालच्या न्यायालयांनी दरखास्त नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा निवाडाही हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो असा निर्णय दिला.

मुदत वाढवून मिळते काय? पेरियाक्कल विरुद्ध दाक्षायणी (१९८३) या निर्णयानुसार तडजोडीतील मुदत केवळ मागितली म्हणून वाढत नाही. उघड अन्याय टाळण्यासाठी क्वचितच वाढते.

निष्कर्ष :
तडजोडपत्रात निश्चित तारीख, प्रत्येक हप्त्याची रक्कम, कसुरीचा परिणाम व पावतीची पद्धत नमूद असावी. ही तारीखही ऋणकोच्या हाती ऊसबिल किंवा मुंबईहून येणारा पैसा केव्हा पडतो, हे पाहून ठरवावी. न पाळता येणारी मुदत धनकोस पुन्हा न्यायालयाच्या पायरीवर आणते आणि तडजोडीचा मूळ हेतूच निष्फळ होतो.