कुंचल्याचा संगमरवर

माढा तालुक्यात विहीर खोदायला घेतली की आधी मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा हा खडक. संगमरवर तयार व्हायला जमिनीच्या पोटात चुनखडी असावी लागते, आणि ती प्रचंड दाबाखाली, उष्णतेने पालटावी लागते. आपल्या भागात तसे काही घडलेच नाही. म्हणून पांढरा दगड हवा तर तो राजस्थानातून, मकरान्याहून आणायचा. ते परवडत नसेल तर पेंटरला सांगायचे, ‘खांबांना मार्बल मारून द्या.’

दख्खनमध्ये ही अडचण बादशाही खजिन्यालाही चुकली नाही. औरंगाबादेत सतराव्या शतकात बीबी का मकबरा उभा राहिला. त्यासाठी संगमरवर लादलेल्या सुमारे 300 गाड्या जाताना तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने पाहिल्या. सर्वांत लहान गाडीलाही 12 बैल जुंपलेले होते. तरी इतक्या दगडातून झाले काय, तर भिंतींचा खालचा पट्टा आणि घुमट. मधला सगळा भाग आपल्या काळ्या दगडाचा आहे. त्यावर चुन्याचा बारीक गिलावा चढवून तो घोटून घोटून चकचकीत केला आहे. खर्चाचा जुना आकडा 6,68,203 रुपये 7 आणे असा सांगतात. मकबऱ्याला ‘गरिबाचा ताज’ म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तिथला गिलावा हीच त्या इमारतीची शान वाटते.

चुना घोटायला आता वेळ कुणाला? घरात आणि सभामंडपात त्याची जागा ऑइल पेंटने घेतली. पण रंगाचा संगमरवरही घाईने होत नाही. गिलावा पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर आतली ओल रंग उचलते. मग लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, प्रायमर लावायचा आणि वर किंचित करडेपणाकडे झुकणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे. ब्रशचा एक ओरखडा राहिला तरी पुढचे सगळे फसते, कारण पॉलिश केलेल्या दगडावर ब्रशची रेघ नसते.

खरी कसोटी यापुढे. जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर काळा रंग कालवायचा. तो चिंधीने तिरका टिपत जायचा आणि ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने फिरवून पसरवायचा. दगडाच्या आतले ढग उमटतात ते इथे. शिरा काढायला बारीक ब्रश किंवा पक्ष्याचे ताठ पीस घेतात. ते अगदी शेवटाला, सैल धरायचे आणि ओढताना बोटांत फिरवत राहायचे. हात थरथरला तर उत्तमच. शीर कुठे जाड, कुठे केसासारखी, कुठे मध्येच ढगात बुडालेली दिसली पाहिजे. तिला फाटे फुटतात, पण चौकटींच्या कागदासारख्या फुल्या पडत नाहीत. एका कडेला ती धारदार ठेवायची, दुसरी कड ब्रशने विरवायची. दगडाला तडे गेले, त्यांत दुसरी खनिजे भरली, त्यांच्याच या शिरा. हे ज्याला उमगले तो वीज चमकल्यासारख्या रेघोट्या मारणार नाही. आपल्याकडचे बरेचसे ‘मार्बल’ नेमके याच रेघोट्यांनी बिघडते, आणि दुसरे कारण म्हणजे मोकळी पांढरी जागा सोडण्याचा धीर नसतो.

मोठ्या भिंतीवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. संगमरवराची लादी कितीही मोठी असली तरी ती कुठेतरी संपते. म्हणून पेन्सिलीने बारीक सांधे आखायचे आणि सांध्यापलीकडे शिरांची दिशा बदलायची. शेवटी अर्धपारदर्शक पांढऱ्याचा पातळ हात आणि त्यावर व्हार्निश. पांढऱ्यावर तेलाचे व्हार्निश काही वर्षांत पिवळे पडते, म्हणून पाण्यात मिसळणारे, न पिवळणारे घ्यावे.

या कामाला जगात मान आहे. पाँपेईतल्या जुन्या घरांत गिलाव्यावर संगमरवराच्या रंगीत लाद्या वठवलेल्या आहेत. इंग्लंडच्या टॉमस कर्शॉला अशाच रंगकामासाठी 1851च्या लंडन प्रदर्शनात पदक मिळाले. ब्रुसेल्समध्ये तर लाकूड आणि संगमरवर रंगवायला शिकवणारी शाळा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. आपल्याकडे हे शिक्षण उस्तादाच्या हाताखालीच होते, आणि मजुरी अजूनही चौरस फुटावर ठरते. शीर काढायला लागलेला वेळ त्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. तो धरायला हवा.

एक जागा मात्र या कलेने सोडावी, ती म्हणजे जुनी दगडी देवळे. घडीव खांबावर ऑइल पेंट चढला की नक्षी बुजते, दगडातली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. पंढरपूरला विठ्ठल मंदिरात 2024मध्ये संवर्धनाचे काम निघाले, तेव्हा नंतर बसवलेले ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला गेला. त्याला किती कष्ट आणि पैसा लागतो हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. सिमेंटच्या खांबांवर हवा तितका संगमरवर रंगवा, चांगल्या पेंटरला चार दिवस जास्त द्या. देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसेल तेव्हा काळ्या दगडाला रंग लावायचा नाही, एवढा ठराव आधी करून घ्या.