वडिलांची चेतक आणि एक रबरी सील

गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीत व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रे अंथरून मी वडिलांच्या चेतकचे इंजिन खोलले, तेव्हा घरात कोणालाच ते पसंत नव्हते. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. पण बाबांची एक वही माझ्याकडे होती. १९८७ साली गाडी दारात आली त्या दिवसापासून त्यांनी तीत प्रत्येक वेळचे पेट्रोल, प्रत्येक पंक्चर आणि किलोमीटरचा आकडा लिहिला होता. त्या हिशेबाने गाडी १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली होती आणि १९९६ व २००८ साली तिचे बोअरिंग झाले होते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला जुन्या वहीचा मोह जरा जास्तच, असे माझी पत्नी म्हणते. खोटे नाही.

बजाजने १९७२ साली चेतक आणली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. पुढे तिचे उत्पादन थांबले. २०२० पासून त्याच नावाने जी गाडी मिळते ती विजेवरची. आमची मात्र जुनी टू-स्ट्रोक. ५७ मिलिमीटरचा बोअर, पिस्टनची धावही ५७ मिलिमीटरच, म्हणजे साधारण १४५ सीसी. व्हॉल्व्ह नाहीत, इंजिनात वेगळे ऑइल भरायचे नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. भाग इतके थोडे की, हे आपल्याला जमेल असे कोणालाही वाटावे. मलाही वाटले.

हेड आणि सिलिंडर सहज निघाले. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर होता. तो खरवडल्यावर खाली ओव्हरसाईजचा आकडा उमटलेला दिसला आणि बाबांच्या वहीतल्या २००८ च्या नोंदीशी तो तंतोतंत जुळला. सिलिंडर उद्यमबागेत नेऊन पुढच्या मापाला बोअर करून आणला. आपल्या बेळगावात फौंड्री आणि लेथवाल्यांची वाण नाही, हे एक सुख. घरी आल्यावर सिलिंडरमधल्या पोर्टच्या धारदार कडा बारीक पॉलिश पेपरने मोडल्या, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते. रिंग नुसतीच सिलिंडरात सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजली, ती पाव मिलिमीटरच्या आसपास आली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला केला. रिंगांची टोके पिस्टनवरच्या बारीक पिनांशी जुळवली. गजन पिनच्या लॉक नव्या घातल्या. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली तेव्हा शेजारचे लोक गॅलरीत आले होते. त्या दिवशी माझा रुबाब काही औरच होता.

आठवडाभराने एक गोष्ट जाणवू लागली. गाडी तापली की ॲक्सिलरेटर सोडूनही रेस खाली येत नसे. सिग्नलला उभी असतानाही इंजिन आपोआप चढे. मी कार्बोरेटरचा स्क्रू मागेपुढे करून तिला शांत केले. प्लग काढून पाहिला तर तो पांढराफटक. नवीन इंजिन आहे, बसेल हळूहळू, असे मी स्वतःला समजावले.

रविवारी मुलीला मागे बसवून खानापूर रोडने निघालो. पिरनवाडी ओलांडून मच्छेच्या अलीकडे, काही कळायच्या आत मागचे चाक जाम झाले. पिस्टन पकडले होते. अशा वेळी क्षणात क्लच दाबायचा असतो. मला तो सुचेपर्यंत गाडी आडवी झाली होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून बरे. मुलीचे कोपर आणि गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. ती रडली नाही. "बाबा, तुम्ही नीट केली होती ना?" एवढेच तिने विचारले.

बाबांची गाडी वर्षानुवर्षे पाहणारे म्हातारे मिस्त्री आता गॅरेजला येत नाहीत, घरीच असतात. मी पकडलेले पिस्टन पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पिस्टन हातातही घेतले नाही. "सर, सील बदललासा काय?"

कसले सील, हेच मला माहीत नव्हते.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची क्रँकची पेटी म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर जाताना पेटी पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढते, खाली येताना तेच दाबून वर सिलिंडरात ढकलते. क्रँकचा दांडा पेटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, तिथे एकेक ऑइल सील असते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले की भात्याला भोक पडते आणि बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी, आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही कमी. म्हणून रेस चढते, प्लग पांढरा पडतो, आणि शेवटी पिस्टन पकडते. क्लचच्या बाजूचे गेले तर इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढून पांढरा धूर सोडते. ती खूण निदान डोळ्यांना दिसते. माझी खूण कानांना ऐकू येत होती, तिला मी स्क्रूने गप्प केले होते.

पुन्हा इंजिन उतरवले, या वेळी अख्खे. पुलर लावून मॅग्नेट काढला तर त्यामागची प्लेट काळी, ओशट. सील नखाने दाबून पाहिले, रबर कुठले, प्लास्टिकसारखे कडक. बाबांची वही पुन्हा चाळली. दोन्ही बोअरिंगच्या नोंदी होत्या, सीलची एकही नव्हती. पेटी फोडायची तर बेअरिंगही बदलावीत, असे मिस्त्रींचे म्हणणे, ते मी ऐकले. ते आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि मी नवे सील तिरके बसवत होतो तेव्हा तीनदा मला ते काढायला लावले. सिलिंडर पुन्हा बोअरला गेला, पुन्हा नवे पिस्टन. पहिले पाचशे किलोमीटर ऑइल थोडे जास्त घालून, चाळिशीच्या आत, एकट्यानेच चालवली.

आता रेस सोडली की लगेच खाली येते. वहीत मी सीलची नोंद केली आहे, तारखेसकट. आणि मच्छेची घटनाही, कारण बाबांनी ती लिहिली असती. मुलगी अजून मागे बसत नाही. कॉलेजला बसनेच जाते. मीही आग्रह करत नाही.