काळें चॉकलेट आणि परळची एक जुनी परीक्षा

मधल्या सुटींत एखाद्या विद्यार्थ्याच्या हातीं चॉकलेट पाहून आम्हीं कांहीं बोलावें, तों उत्तर तयार असतें: "हें काळें चॉकलेट आहे, प्रकृतीस चांगलें असतें." कित्येक पालकांनींही असेंच ऐकिलेलें आहे, मुलीच्या अंगांत रक्त कमी म्हणून तिला हेंच देणाऱ्या माताही आहेत. यांत खरें किती व ऐकीव किती, याचा विचार येथें करूं.

कोको नांवाच्या झाडाच्या बिया आंबवून, वाळवून व भाजून वाटल्या म्हणजे कडू लगदा होतो. त्यांत साखर बेताची घातली कीं काळें चॉकलेट होतें. दूध व साखर पुष्कळ घातली कीं नेहमींचें. या बियांत फ्लॅव्हनॉल नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांच्या योगानें रक्तवाहिन्या किंचित् सैल होतात व रक्तदाब थोडा उतरतो. २०१७ सालीं ३५ प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां हा उतार पाऱ्याच्या सुमारें २ मिलिमीटर भरला. पुढें अमेरिकेंत २१,४४२ वयस्क स्त्रीपुरुषांवर मोठी परीक्षा झाली; कांहींस रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल दिलें, कांहींस नुसत्या पोकळ गोळ्या. २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे एकंदर प्रसंग कमी होतात असें निश्चित ठरलें नाहीं. त्या विकारांनीं येणारे मृत्यु मात्र कमी आढळले. शिवाय परीक्षा कोकोच्या अर्काची होती, चॉकलेटची नव्हे.

इतकी काटेकोर परीक्षा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या परळांतच आहे. येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें १८९९ सालीं प्लेगची प्रयोगशाळा आली; १९२५ सालीं तिला हाफकिन यांचें नांव मिळालें. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टर बाई त्या संस्थेंत आल्या. मुंबईंतील गरीब, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांस एक तीव्र पांडुरोग होत असे व त्यांत माता दगावत. या स्त्रिया काय खातात, हें बाईंनीं बारकाईनें पाहिलें. तसेंच निकृष्ट अन्न त्यांनीं उंदरांस व पुढें माकडांस देऊन पाहिलें. यीस्टचा स्वस्त काळा अर्क, मार्माइट, दिल्यावर माकडाचें रक्त सुधारलें. स्त्रियांस दिल्यावर त्यांचेंही सुधारलें. १९३१ सालीं बाईंनीं हा शोध प्रसिद्ध केला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्याचें नांव तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून निराळें काढलें गेलें. लॅटिन भाषेंत पानास फोलिअम म्हणतात, म्हणून तें फॉलिक आम्ल झालें. आज गरोदर मातांस व अनेक शाळांतील मुलामुलींस लोहाबरोबर जी गोळी मिळते, तींत हेंच द्रव्य असतें.

आतां चॉकलेटकडे वळूं. १०० ग्रॅम कडू चॉकलेटमध्यें सुमारें १२ मिलिग्रॅम लोह असतें, हें खरें. परंतु त्याबरोबर सुमारें ६०० कॅलरी पोटांत जातात, आणि कोकोंतीलच कांहीं द्रव्यें त्या लोहाचें शोषण अडवितात. शिवाय २०२२ सालीं अमेरिकेंतील एका ग्राहकसंस्थेनें २८ काळीं चॉकलेटें तपासलीं, त्या सर्वांत शिसें व कॅडमियम सांपडलें. म्हणून लहान मुलांस तें रोज देण्याची संवय बरी नव्हे. मुलीचा चेहरा फिकट दिसत असेल, जिना चढतांना तिला धाप लागत असेल, तर चॉकलेटवर विसंबून महिने घालवूं नयेत. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें. ताटांत पालेभाजी, चवळी, मटकी, हळीव असावेत. वर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं लागतें. जेवतांना चहा मात्र नको.

मग काळें चॉकलेट वर्ज्य काय? नाहीं. आवडत असेल तर एखादा लहान तुकडा मोठ्या आनंदानें खावा. औषध म्हणून मात्र खाऊं नये. घरीं कुत्रा असल्यास त्यास तेवढाही देऊं नये. कोकोंतील थिओब्रोमीन त्यास विषासमान आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हाफकिन संस्थेवरून जातांना एवढें स्मरावें: तेथें एका बाईंनीं अमुक पदार्थ गुणकारी आहे असें म्हणण्यापूर्वीं तो कोणास, किती व कशानें गुण देतो, हें ताडून पाहिलें, आणि अनेक मातांचे प्राण वांचले. कोणी एखाद्या खाद्याची थोरवी सांगूं लागला, तर नम्रपणें विचारावें, "कशावरून?"